टार्टर, टाटरी, तातार: यांचं एकमेकांशी नातं काय?

मांजराकाठ (धागाकर्ता)

आमच्या अंबाजोगाईत वाण्याकडं 'टाटरी' मागितली की साखरेसारख्या पांढऱ्या खड्यांची पुडी मिळते. फरसाणवाले, लग्नातले आचारी आणि उर्दू बोलणारी घरं हा शब्द सर्रास वापरतात. बाकीचे लिंबूफूल म्हणतात, आणि घोळ तिथंच आहे. टाटरी हा 'टार्टरिक'चा बाजारात झिजून झालेला अवतार, पण पुडीत बहुतेक वेळा सायट्रिक ॲसिडच असतं. पाकीटबंद माल असेल तर मागच्या बाजूचे आकडे बघा: 330 म्हणजे सायट्रिक, 334 म्हणजे टार्टरिक.

हाच टार्टर दाताच्या डॉक्टरकडं भेटतो, हॉटेलात सॉसच्या वाटीत भेटतो आणि इतिहासाच्या पुस्तकात घोड्यावर बसून येतो. आमच्या गावच्या ग्रुपवर एक ढकलपत्र फिरायलंय: 'तार्तर टोळ्या दात घासत नसत, म्हणून दातावरच्या घाणीला टार्टर म्हणतात.' साफ थाप आहे. पण खरी हकीकत या थापेपेक्षा भारी निघाली, म्हणून हा धागा.

शब्द मुळात दोन, आणि दोघांची गावं वेगळी.

पहिला गाळाचा. द्राक्षाची वाइन पिंपात मुरताना पिंपाच्या आतून जो कडक थर धरतो त्याला मध्ययुगीन ग्रीकमध्ये 'टार्टरॉन' आणि लॅटिनमध्ये 'टार्टरम' म्हणत. त्यामागं अरबी मूळ असण्याची शक्यता कोशकार सांगतात.

दुसरा माणसांचा. मंगोलियात ओरखोन नदीच्या खोऱ्यात आठव्या शतकातले तुर्की शिलालेख आहेत. त्यांत 'ओतुझ तातार', म्हणजे तीस तातार, असा उल्लेख येतो. हे तातार मंगोलांचे शेजारी आणि हाडवैरी. चंगेजखानाच्या बापाला त्यांनीच विष घातलं असं मंगोलांची बखर सांगते, आणि 1202 मध्ये चंगेजखानानं त्यांचा पुरता निकाल लावला. दैवाचा खेळ बघा, पुढं युरोपनं चंगेजखानाच्याच फौजांना त्याच्या वैऱ्यांचं नाव चिकटवलं!

आता 'तातार' नीट म्हणून बघा. 'र' एकच आहे, शेवटी. मधला 'र' युरोपनं घातला, आणि तो आणला थेट नरकातून. ग्रीक पुराणात 'टार्टरस' हा पाताळाच्याही खालचा तुरुंग. हेसिओद हा जुना ग्रीक कवी सांगतो की काशाची ऐरण आभाळातून सोडली तर नऊ दिवस नऊ रात्री पडत राहून दहाव्या दिवशी जमिनीला लागेल, आणि तिथून टार्टरसला पोचायला पुन्हा तेवढाच वेळ. 1241 मध्ये मंगोल पोलंड-हंगेरीत घुसले तेव्हा युरोपातल्या पाद्र्यांना वाटलं, हे माणसांचं काम नव्हे, हे टार्टरसमधूनच वर आलेत. फ्रान्सचा राजा नववा लुई यानं असा श्लेष केल्याचं मॅथ्यू पॅरिस नावाच्या इंग्रज साधूनं आपल्या बखरीत नोंदवलंय.

गाळाच्या शब्दाचंही तेच झालं. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्यानं सांगितलं की या गाळातून निघणारे तेल-क्षार माणसाला टार्टरससारखे जाळतात, म्हणून त्याचं नाव टार्टर. व्युत्पत्ती म्हणून हे ओढूनताणूनच आहे. पण दोन अनोळखी शब्द आपापल्या वाटेनं येऊन एकाच खड्ड्यात पडले ते असे. दातवाल्या टार्टरचं आणि घोड्यावरच्या टार्टरचं नातं एवढंच.

जाणकारांनी भर घालावी.


सुपारीफोड

म्हणजे माझ्या दातावर नरक साचलाय असं म्हणा की राव.


कवळी

सुपारीफोड, आयडी बघता साचला असणारच. :)

मी दातांचीच डॉक्टर आहे, बीडला. पिंपातला शब्द तोंडात कसा आला ते सांगते. पॅरासेल्ससची कल्पना अशी की पिंपात गाळ बसतो तसा माणसाच्या शरीरातही बसतो: मूत्रपिंडात, सांध्यात, दातांवर. या सगळ्या साक्याला त्यानं 'टार्टरस' हे एकच नाव दिलं. बाकीच्या अवयवांवरून ते नाव गळून पडलं, दातांवर राहिलं.

रसायन मात्र दोन्हीचं वेगळं आहे, आणि इथं भल्याभल्यांची गल्लत होते. पिंपातला थर पोटॅशियम बायटार्ट्रेटचा, दातावरचा मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचा. आणि आपल्याकडं बोअरच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर येतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा. 'डॉक्टर, आमच्या गावचं पाणीच खारं, म्हणून दातावर खडा धरतो' हे वाक्य मी रोज ऐकते. तो खडा पाण्यातून येत नाही, तुमच्या स्वतःच्या लाळेतून येतो. दातावर जिवाणूंचा मऊ, चिकट थर बसतो. तो दोन-तीन दिवस तिथंच राहिला की लाळेतले क्षार त्यात उतरायला लागतात आणि त्याचा दगड व्हायला सुरुवात होते. मऊ आहे तोवर ब्रश पुरतो, दगड झाल्यावर नाही.

आरशासमोर उभं राहून जीभ वर उचला. जिभेखाली, मधोमध दोन बारीक उंचवटे दिसतील, तिथून लाळ पाझरते. त्याच्या बरोबर समोर काय आहे? खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू. आता त्यावरून जिभेचं टोक फिरवा. खरबरीत लागलं तर तो टार्टर. तसंच दुसरं ठिकाण वरच्या दाढांची गालाकडची बाजू, कारण गालातल्या लाळग्रंथीचं तोंड तिथं उघडतं. नव्वद टक्के पेशंटांना 'कुठं आहे' ते मी न बघता सांगू शकते, त्यात माझी हुशारी काही नाही.


सुपारीफोड

जीभ फिरवून बघितली. न फिरवता बरा होतो.


गोदाकाठची

कवळीताई, आमच्या आत्याबाई म्हणतात दात 'साफ' केले की हलायला लागतात. त्यांच्या जावेचे हलले म्हणे. आणि त्या आयुष्यभर मिसरी लावतात, ते वेगळंच.


कवळी

आत्याबाईंचं निरीक्षण बरोबर, निदान चूक. टार्टर वर्षानुवर्षं हिरडीखाली शिरत जातो, हिरडी मागं हटते, दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. दात तेव्हाच खिळखिळा झालेला असतो, टार्टरच्या खडकानं शेजारच्या दातांना नुसता बांधून ठेवलेला असतो. खडक काढला की हालणं उघडं पडतं. फटी दिसतात, चारआठ दिवस गार पाणी झिणझिणतं, आणि खापर आमच्यावर. मिसरी ही भाजलेली तंबाखू आहे, दंतमंजन नव्हे. तिचा डाग काळा, हिरडीखालचा टार्टरही काळपट, त्यामुळं बायकांना वाटतं हा मिसरीचाच रंग, जाईल घासून.

आणखी एक. काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथं पोरांच्या दातांवर तपकिरी ठिपके-पट्टे येतात. तो टार्टर नाही, तो डाग दाताच्या घडणीतच असतो. पिन नाहीतर ब्लेड घेऊन खरवडू नका. तसले पेशंट येतात म्हणून सांगतेय.


वाळवंटी_वैद्य

पॅरासेल्ससचं कौतुक वाचून राहवलं नाही. सुश्रुतानं याला 'दंतशर्करा' म्हटलंय. साखरेशी संबंध जोडू नका, संस्कृतात शर्करा म्हणजे आधी वाळू, बारीक खडी. दातांवर मळ खडीसारखा घट्ट बसतो तो रोग. तो काढायला 'दंतशंकु' नावाचं हत्यार आहे, आणि सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थान या भागात बजावलंय की दाताच्या मुळाला इजा न करता शर्करा काढावी, मग लाखेचं चूर्ण मधात कालवून चोळावं. कवळीताई जे सांगतायत त्यात आणि यात मला तरी मूळ तत्त्वाचा फरक दिसत नाही.

पुढची गंमत म्हणजे मूत्रमार्गातल्या बारीक खड्यांनाही सुश्रुत शर्कराच म्हणतो. म्हणजे मुतखडा आणि दातावरचा खडा एकाच नावाखाली इथंही आले, तिकडं पॅरासेल्ससकडंही आले. एकमेकांचं वाचायचा प्रश्नच नव्हता. हाताला लागणारी गोष्ट तीच, म्हणून नावही तसंच सुचलं.


मांजराकाठ

वैद्यराज, हे फार भारी. आपल्या बोलीतलं 'कीटण' मात्र दोन्हीपेक्षा नेमकं आहे. तव्यावरही चढतं, दातावरही चढतं, कुणाला नरकात पाठवायची गरज नाही.


चिंचतळ

लातूर-औशाकडची आहे. द्राक्षावरच सगळे बोलायलेत, चिंचेचं कुणी नावच काढंना! टार्टरिक ॲसिडचं आपलं झाड चिंच आहे, द्राक्ष नंतर आलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्याकडं अंगणाअंगणात बायका चिंच फोडायला बसतात. एका हातात बारीक हातोडी, टरफल फोडायचं, शिरा ओढायच्या, चिंचोके काढायचे. दिवसभर बसलं की बोटांची सालं निघतात, नखाच्या कडेला चिरा पडतात आणि त्या चिरांत आंबट गेलं की डोळ्यात पाणी. तेल लावून बसतात तरी व्हायचं ते होतं. ते जे झोंबतं ना, ते टार्टरिक.

चिंच पिकली तरी आंबट का राहते, हे मी कृषी विद्यापीठात शिकलेल्या भाच्याला विचारलं होतं. आंबा पिकताना त्यातलं ॲसिड खर्ची पडतं. चिंचेत साखर वाढत जाते, पण टार्टरिक तसंच बसून राहतं. म्हणून गाभुळलेली चिंच गोडही लागते आणि दातही आंबवते. फोडलेल्या चिंचेत दहा टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहून बरंच जास्त टार्टरिक असतं.

तांब्याचा हंडा चिंचेनं का लखलखतो आणि चिंचेचं सार बिनकल्हईच्या पितळेत का कळकतं, दोन्हीचं उत्तर एकच. ते ॲसिड तांब्यावरचा काळा थर खातं, आणि भांड्यात ठेवून दिलं तर तांबंच सारात उतरवतं.


सुपारीफोड

मग चिंच दातावर घासली तर टार्टर निघंल का? नावावरून तरी भाऊच दिसतो.


कवळी

नाही!! टार्टरच्या आधी दाताचं वरचं आवरण विरघळेल. तोंडातला सामू (pH) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमल झिजायला लागतं, आणि चिंच, लिंबू, टाटरी सगळे त्याच्या खूप खाली. पिंपातल्या टार्टरचं ॲसिड दातावरच्या टार्टरवर चोळणं म्हणजे नावावरून सोयरीक जमवणं.


रेणूबंध

लातूरला बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. शेले या स्वीडनच्या औषधविक्यानं 1769 मध्ये पिंपातल्या गाळातून टार्टरिक ॲसिड वेगळं काढलं. गाळ पिंपात बसतो का, तर तो क्षार थंड पाण्यात जेमतेम विरघळतो आणि अल्कोहोलात त्याहून कमी. रस आंबत जातो तसं अल्कोहोल वाढतं, मग बिचाऱ्याला भिंत धरण्यावाचून गत्यंतर नाही. उकळत्या पाण्यात मात्र सुमारे दहापट विरघळतो. गाळ उकळून, गाळून, थंड करून स्वच्छ खडे काढायचे हीच जुनी रीत, आणि त्या स्वच्छ पावडरीचं नाव क्रीम ऑफ टार्टर. क्रीम म्हणजे साय, थंड होताना वर धरणाऱ्या सायीवरून.

पण टार्टरची खरी मिरवणूक 1848 ची. पाश्चर तेव्हा पंचविशीतला. टार्टरिक ॲसिडचा एक जुळा भाऊ होता, रेसेमिक ॲसिड. घटक तेच, पण टार्टरिक त्यातून जाणाऱ्या ध्रुवीकृत प्रकाशाचं प्रतल, म्हणजे कंपनाची दिशा, फिरवायचं आणि हे ढिम्म. पाश्चरनं त्याच्या क्षाराचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली घेतले आणि बघितलं की त्यांत दोन जाती आहेत, डाव्या-उजव्या हातासारख्या. चिमट्यानं एकेक खडा उचलून दोन ढीग केले. एक ढीग प्रकाश उजवीकडं फिरवतो, दुसरा डावीकडं, आणि समसमान मिसळले की शून्य. आमची पोरं 'रेसेमिक मिश्रण' ही व्याख्या 'नीट' प्रवेशपरीक्षेसाठी झोपेतसुद्धा म्हणतात. रेसेमिक कशावरून, विचारलं की वर्ग गप्प. लॅटिनमध्ये 'रेसेमस' म्हणजे द्राक्षाचा घड.

साखर तपासायच्या फेहलिंगच्या द्रावणातला क्षार, रोशेल सॉल्ट, तेही याच घरातलं. ला रोशेल या फ्रेंच गावच्या सेनेत नावाच्या औषधविक्यानं सतराव्या शतकात ते जुलाबासाठी विकलं. पुढं 1880 मध्ये क्युरी बंधूंनी दाबल्यावर वीज देणारे स्फटिक शोधले, त्यातही ते होतं.


गोदाकाठची

सर, जुलाबावरून वीज? शिकवताना हे सांगत असाल तर तुमच्या वर्गात बसायला आवडेल.

बेकिंगचा प्रश्न विचारून घेते. केकच्या कृतीत क्रीम ऑफ टार्टर लिहिलेलं असतं, नांदेडला पटकन मिळत नाही. काय घालू?


रेणूबंध

अंड्याचा पांढरा बलक फेटायला असेल तर लिंबाच्या रसाचे थेंब चालतात. साखरेच्या पाकासाठी असेल तर तुमची आई करत असेल तेच करा: पाक साखरू नये म्हणून लिंबू पिळतात ना, क्रीम ऑफ टार्टर तेच काम करतं. सोड्यासोबत असेल तर सरळ बेकिंग पावडर घ्या आणि सोडा वगळा.


खुलताबादी

आमच्या घरात उर्दू-दखनी, म्हणून वेगळ्या बाजूनं लिहितो.

फारसी-उर्दूत दारूच्या तळाच्या गाळाला 'दुर्द' म्हणतात. शायरीत दुर्द पिणारा म्हणजे ज्याला साकीनं वरची नितळ दिली नाही तो गरीब रिंद, म्हणजे मद्यपी. टार्टरमची नाळ अरबीकडं असेल तर ती 'दुर्दी'शी जुळते असं काही जण मांडतात. ध्वनी जवळचे आहेत, अर्थ तर तोच आहे. पण 'द'चा 'ट' कुठं आणि कधी झाला हे दाखवल्याशिवाय मी पैज लावणार नाही.

तातारांचं मात्र मला बोलायचंय. युरोपला तातार म्हटल्यावर नरक आठवला. फारसी शायराला काय आठवतं? कस्तुरी. 'मुश्क-ए-ततार' (तातारी कस्तुरी), 'आहू-ए-ततार' (तातारी हरिण). उत्तम कस्तुरीमृग तातारांच्या मुलखातला अशी ख्याती होती, म्हणून माशुकाच्या बटांचा वास निघाला की तातार आलाच. हल्ल्यात इराण-बगदादचं युरोपपेक्षा कितीतरी जास्त रक्त सांडलं, तरी कवितेत त्यांनी वास ठेवला.

आणि मंडळी, हे लोक आपल्यापासून लांबचे समजू नका. जुन्या युरोपीय नकाशांत बुखारा-समरकंदचा मुलूख 'स्वतंत्र टार्टरी' म्हणून रंगवलेला असतो. संभाजीनगरला पाणचक्कीवर जाता, मासे बघता, तिथं ज्यांची मजार आहे ते बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याजवळच्या गुज्दवानचे. पहिल्या निजामाचे आजोबा समरकंदकडचे, आणि मुघल दरबारात त्यांच्या गटाला 'तुरानी'च, म्हणजे मध्य आशियातले, म्हणत. तो पहिला निजाम, निजाम-उल-मुल्क, 1748 मध्ये वारला, कबर आमच्या खुलताबादेत आहे. मराठवाडा 1948 पर्यंत ज्या घराण्याखाली होता त्याचं मूळ गाव नकाशावाल्यांच्या हिशोबानं टार्टरीत!


सुपारीफोड

रझाकारांच्या गोष्टी सांगणारे आमचे आजोबा हे ऐकून म्हणाले असते, 'टार्टरस बरोबर हाय.'


खुलताबादी

सुपारीफोड, तो वेगळा धागा होईल आणि दोनशे प्रतिसादांवर जाईल. इथं नको. बुखारा-समरकंदकडून आलेल्यांच्या काळात इथं पाणचक्कीही झाली.


तगर

वाइनवरून एक. आमचं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-पुस्तकात पैठण आणि तगरहून गाड्यांनी भडोच बंदरात माल जातो असं लिहिलंय. आणि भडोचला काय उतरतं त्या यादीत वाइन आहे: इटलीची सगळ्यात पसंतीची, शिवाय लाओडिकिया या शहराची आणि अरबस्तानची. त्या कुंभांच्या तळाशी टार्टर असणारच.

हल्ली जुन्या मडक्यांत टार्टरिक ॲसिड सापडलं की तिथं वाइन होती असं धरतात. जॉर्जियातली सुमारे 8000 वर्षांपूर्वीची वाइन अशीच ओळखली. पण आपल्याकडच्या खापरांना ही कसोटी डोळे झाकून लावता येणार नाही. चिंचतळ यांनी वर सांगितलंच आहे, मडक्यात आमटीही असू शकते.


चिंचतळ

हाव, आणि आमटीच निघंल.


वाळवंटी_वैद्य

'टार्टर एमेटिक' राहिलं. अँटिमनी या विषारी मूलद्रव्याचा आणि टार्टरिकचा क्षार, युरोपात उलटी काढायला देत. भारतात त्याची खरी कामगिरी काळ्या आजारावर (काला-आजार). कलकत्त्यात डॉक्टर लिओनार्ड रॉजर्स यांनी 1915 च्या सुमारास ते शिरेतून द्यायला सुरुवात केली. गुण येई, पण औषध विषारी होतं. त्याच अँटिमनीला माणसाळवून उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी 1920 च्या दशकात युरिया स्टिबामाइन हे औषध दिलं आणि असंख्य जीव वाचले. पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव अजून मोठ्या अक्षरात हवं.


गोदाकाठची

आणि सॉस? तो वैऱ्यांचा की गाळाचा?


मांजराकाठ

माणसांचा. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच स्वयंपाकघरातलं नाव, 'तातारी पद्धतीचा' एवढाच अर्थ, रांगडं आणि परदेशी काहीतरी सुचवायला. आत मेयोनेज, काकडीचं लोणचं, केपर (एका झुडपाच्या मुरवलेल्या कळ्या). कुठल्याही तातार आजीला ते ओळखू येणार नाही. तातार खोगिराखाली कच्चं मांस ठेवून मऊ करत आणि त्यावरून कच्च्या मांसाचं टार्टार आलं, ही गोष्टही हॉटेलवाल्यांना आवडते. प्रत्यक्षात ती डिश त्या सॉसबरोबर वाढत, म्हणून तिला ते नाव.


सातवी_ब

मी सामाजिक शास्त्र शिकवते. मुलांना लिहून देताना तातार लिहू की तार्तर? जुन्या पुस्तकांत दोन्ही दिसतात.


मांजराकाठ

माणसांसाठी तातार. ते आजही आहेत. रशियात तातारस्तान आहे, कझान राजधानी. क्रिमियाचे तातार स्टालिननं मे 1944 मध्ये घरादारातून उचलून मध्य आशियात नेऊन टाकले, आणि परतायला त्यांना चाळीसपेक्षा जास्त वर्षं लागली. मधला 'र' त्यांचा नव्हेच, तो लावायचं कारण नाही. दातासाठी आणि क्षारासाठी टार्टर ठेवा. नकाशात सखालिन बेटाच्या अलीकडं 'टार्टरीची सामुद्रधुनी' दिसेल तिथं मुलं अडतील. तिथून कझान हजारो किलोमीटर लांब. युरोपीय नकाशाकार चीनच्या उत्तरेला जे काही होतं त्या सगळ्यालाच टार्टरी म्हणत, त्याची ती शिल्लक. रशियन नकाशात तीच 'तातार्स्की' आहे, एका 'र'ची.